मिमी, तुतू आणि चांदसैलीचा घाट

पोरगा मर्चंट नेव्हीत आहे. दोंडाईच्याचं पोर समुद्रावर कसं गेलं ती वेगळी कथा आहे. आमच्या घरात त्याच्या आधी तापीपेक्षा मोठं पाणी कुणी पाहिलं नव्हतं. महिन्यातून एक-दोनदा त्याचा फोन येतो. मागच्या वेळी पाऊसपाणी झालं, मिरचीचा भाव झाला, आणि मग तो म्हणाला, "आबा, बोट डोंगरावरून नेणारे तुम्ही एकटेच नाहीत बरं का. एक इंग्रज तुमच्या नव्वद वर्षं आधी नेऊन बसलाय."

चिडवायलाच म्हणाला. चांदसैली घाटातली बोटीची गोष्ट मी घरात इतक्यांदा सांगितलीय की मी सुरुवात केली की सून विचारते, "आबा, आता बैल येतील ना?" नातू तर बैलांचा आवाजही काढतो.

तर त्या इंग्रजाचं नाव जेफ्री स्पायसर-सिम्सन. पोरानं फोनवर बरंच वाचायला पाठवलं. मी अमळनेरला बी. ए. केलं तेव्हा इंग्रजीत काठावर सुटलो होतो, पण दोन महिने डिक्शनरी घेऊन बसलो. दुपारी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात (ऑफिस म्हणजे एक पत्र्याची खोली आणि कूलर) दुसरं काम तरी काय असतं आता. गाड्या दोनच राहिल्यात आणि त्या पुतण्या बघतो.

हा माणूस १८७६ साली टास्मानियात होबार्टला जन्मला आणि चौदाव्या वर्षी, १८९० ला, ब्रिटिश नौदलात भरती झाला. पुढची पंचवीस वर्षं त्याची जी नोकरी झाली ती वाचून मला आमच्या एका जुन्या ड्रायव्हरची आठवण आली. गाडी उत्तम चालवायचा, पण जिथं उभी करेल तिथं काहीतरी मोडायचं. स्पायसर-सिम्सनचं तसंच. एका सरावात त्यानं डोकं लढवलं की दोन विनाशिकांच्या मधे तार बांधून ओढत न्यायची, म्हणजे पाण्याखालच्या पाणबुडीची दुर्बीण तिच्यात अडकेल. अडकली, आणि आपलीच पाणबुडी बुडता बुडता राहिली. एकदा त्यानं विनाशिका किनाऱ्यावर चढवली. एकदा एका लहान बोटीला धडक दिली. कोर्ट मार्शल झालं. बरोबरीचे लोक वर सरकत गेले आणि हा लेफ्टनंट कमांडरवर अडकून पडला. नौदलातला सगळ्यात जुना लेफ्टनंट कमांडर म्हणून त्याची चेष्टा व्हायची म्हणतात. वर बढाईखोर. आपण कुठं कुठं कसली शिकार केली याच्या लांबलचक थापा मारायचा.

एक मात्र सांगायला पाहिजे. जिथं मोजमापाचं काम होतं तिथं तो चांगला होता. चीनमध्ये यांगत्से नदीचा सर्व्हे, मग आफ्रिकेत गॅम्बिया नदीचा. शांतपणे खोली मोजायची, नकाशा काढायचा. असल्या कामाला टाळ्या मिळत नाहीत आणि याला तर टाळ्याच हव्या होत्या.

१९१४ ला महायुद्ध सुरू झालं, तेव्हा त्याच्याकडे इंग्लंडच्या किनाऱ्यावर लहान जहाजांचा एक ताफा दिला. ११ नोव्हेंबरला त्यातली 'नायजर' नावाची गनबोट डील गावाच्या समोर भर दिवसा जर्मन पाणबुडीनं बुडवली. साहेब त्या वेळी किनाऱ्यावर हॉटेलात, बायको आणि तिच्या मैत्रिणींच्या सोबत. झालं. ऑफिसात टेबलावर बसवला. व्यापारी जहाजांवरच्या लोकांना नौदलात घ्यायची कागदपत्रं. वय ३८.

मी स्वतः ३८ वर्षांचा असताना माझी एक गाडी बँकेनं ओढून नेली होती, त्यामुळे ते टेबल मला नीट दिसलं.

आता आफ्रिकेतलं टांगानिका तळं. तळं म्हणायचं फक्त. लांबी पावणेसातशे किलोमीटरच्या आसपास. दोंडाईच्याहून निघून मुंबई गाठली तरी ते संपायचं नाही. पश्चिमेला बेल्जियमचं काँगो, पूर्वेला जर्मनांचा मुलूख. जर्मनांची 'हेडविग फॉन विसमान' आणि 'किंगानी' या दोन लहान आगबोटी तिथं फिरत होत्या, आणि बेल्जियमची होती ती एक त्यांनी लढाईच्या पहिल्याच महिन्यात निकामी केली होती. म्हणजे अख्खं तळं त्यांचं. पाहिजे तिथं सैन्य उतरवा, पाहिजे तिथून उचला.

१९१५ च्या एप्रिलमध्ये जॉन ली नावाचा एक शिकारी लंडनला नौदलाच्या कचेरीत गेला आणि म्हणाला, वेगवान मोटरबोटी केपटाउनपर्यंत जहाजानं आणा, पुढं रेल्वेनं काँगोत, तिथून डोंगर ओलांडून तळ्यावर. वेड्यासारखी कल्पना. पण अॅडमिरल हेन्री जॅक्सनला पटली. मग अधिकारी शोधायला लागले. चांगले सगळे समुद्रावर. टेबलावर रिकामा बसलेला, फ्रेंच उत्तम बोलणारा आणि आफ्रिकेची नदी पाहिलेला एकच सापडला.

ज्या कामाला कुणी मिळत नाही ते ज्याला कुणी काम देत नाही त्याच्याकडे येतं. ट्रान्सपोर्टमध्ये मी हे आयुष्यभर पाहिलंय. मला बोटीचं काम तसंच तर मिळालं.

बोटी दोन होत्या, थॉर्निक्रॉफ्ट कंपनीनं ग्रीक हवाई दलासाठी बांधलेल्या. महोगनी लाकडाच्या, चाळीस फूट लांब, आठ फूट रुंद. पुढं तीन पौंडी तोफ, मागं मशीनगन. स्पायसर-सिम्सननं त्यांना नावं सुचवली 'कॅट' आणि 'डॉग'. वरच्यांनी नाकारली. मग यानं 'मिमी' आणि 'तुतू' सुचवली आणि ती मंजूर झाली. मंजूर करणाऱ्यांना उशिरा कळलं की फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ म्याऊ आणि भूभू. इथं मला हा माणूस पहिल्यांदा आवडला.

१५ जून १९१५ ला अठ्ठावीस माणसं बोटी घेऊन निघाली, २ जुलैला केपटाउन. तिथून उत्तरेला साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त रेल्वेचा प्रवास, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फुंगुरुमे. तिथं रूळ संपले.

पुढं रस्ता नाही. जंगल, ओढे, आणि मितुंबा नावाची डोंगररांग. सर्वांत उंच जागा ६,४०० फूट, म्हणजे १,९५० मीटर. आपला अस्तंभा १,३२५ मीटर आहे. दिवाळीत यात्रेला जे पायी वर चढलेत त्यांना सांगतो, अस्तंभ्याच्या डोक्यावर अजून सहाशे मीटर उभे करा आणि तिथून चाळीस फुटी बोट न्या. दोन न्या.

साधारण दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर अंतर. दोंडाईच्याहून जळगावला जाऊन थोडं मागं फिरावं इतकं. याला सहा आठवडे लागले. दीडशेच्या आसपास पूल बांधले, म्हणजे दर दीड किलोमीटरला एक. ओढ्यात ओंडके टाकायचे, वर फांद्या, वर माती. बोटी ओढायला वाफेची दोन ट्रॅक्शन इंजिनं होती. जुना वाफेवरचा रोडरोलर पाहिला असेल तर त्याच जातीची. या इंजिनांच्या वजनाखाली नवे पूल दबायचे, इंजिन खचायचं, ते काढण्यात दिवस जायचा. आणि या इंजिनांना पाणी लागायचं. रानात, कोरड्या दिवसांत. आसपासच्या गावांतल्या बाया डोक्यावर मडकी घेऊन मैलोगणती चालून इंजिनाला पाणी आणून घालत होत्या. मी हे वाचलं तेव्हा धडगावकडच्या, एका हंड्यासाठी दरीत उतरणाऱ्या बाया डोळ्यांसमोर आल्या. त्या निदान घरच्या चुलीसाठी आणतात.

आता जे मला सांगायचंच आहे ते. चढ एवढा खडा झाला की इंजिनालाही झेपेना, तेव्हा वेनराइट नावाच्या माणसानं काम केलं. हा ऱ्होडेशियात गुरं पाळलेला माणूस, बैलांची जात ओळखणारा. मोहिमेसोबत बैलांचे मोठे तांडे होतेच. यानं वरच्या झाडाला कप्पी बांधली, दोर बोटीच्या गाड्यापासून कप्पीवरून फिरवून परत खाली आणला आणि बैलांना जुंपला. बैल उताराला चालू लागले की बोट चढाला.

वाचता वाचता मी मोठ्यानं ओरडलो. "ही तर मोट!" बाहेर चहावाला दचकला.

ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीच्या काठावर चाक, त्यावरून नाडा, एका टोकाला चामड्याची किंवा पत्र्याची मोट, दुसऱ्या टोकाला बैलजोडी. विहिरीपासून लांब जाणारा उतार असतो त्याला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली उतरतात, आपलं वजन आणि उतार दोन्ही कामाला लावतात, मोट वर येते. बैलाला चढाला ओढायला लावाल तर त्याच्या गुडघ्यात माती. उताराला लावाल तर तो खुशाल दिवसभर ओढेल. आमच्या शेतात विजेचा पंप येईपर्यंत मोट होती. वडील मोट हाकताना म्हणायचे ती गाणी मला आता आठवत नाहीत, पण धाव संपल्यावर बैल स्वतःहून थांबायचे ते आठवतं.

आता माझा घाट.

२००७ ची दिवाळी झाली होती. सरदार सरोवराचं पाणी आपल्याकडच्या नर्मदाकाठच्या गावांत मागं पसरलं आणि तिथं रस्त्याऐवजी बोटी लागायला लागल्या. एका ठेकेदारानं मुंबईकडून फायबरची बोट घेतली होती, चोवीस फुटी, ती धडगावच्या पलीकडं भुषाला नर्मदेवर पोहोचवायची. दोघा-तिघांनी नाही म्हटलं होतं. मला हप्ता भरायचा होता. माझी आयशर, बॉडी सतरा फूट. सात फूट बोट मागं बाहेर, आणि इंजिन बसवायची जड बाजू नेमकी तिकडंच. उलटी चढवायला पाहिजे होती, हे मला आज कळतं. मुंबईला क्रेनवाल्यानं ठेवली तशी आम्ही बांधली.

सारंगखेड्याला तापी ओलांडली तेव्हा पुलावर लोक हसत होते, बोट पाण्याच्या वरून चाललीय म्हणून. शहादा, प्रकाशा, तळोदा, सगळं गुण्यागोविंदानं. तळोद्याला शेवभाजी खाल्ली. मग चांदसैली घाट लागला.

तो घाट ज्यांना माहीत आहे त्यांना वर्णन नको. अरुंद, एका अंगाला दरड, एका अंगाला दरी, आणि वळणं अशी की पुढच्या गाडीचा ड्रायव्हर आपल्याला खिडकीतून तंबाखू देऊ शकेल. त्या वर्षी पाऊस लांबला होता. एका उजव्या वळणावर दरडीची माती रस्त्यावर उतरलेली, वर ओली. वळण घेताना बोटीच्या मागच्या वजनानं गाडीचं तोंड हलकं झालं. स्टेअरिंग फिरवतोय आणि गाडी सरळच. ड्रायव्हर लोकांना सांगायला नको, स्टेअरिंग हाताला हलकं लागलं की पोटात काय होतं. ब्रेक दाबला. गाडी थांबली आणि मग हळूच मागं यायला लागली. क्लीनर खाली उडी मारून ओरडला, "आबा, गाडी मांगे सरकी राहिनी!" त्यानंच दोन दगड मागच्या चाकांना दिले. एक दगड फुटला. दुसरा टिकला.

दुपारचे दोन वाजले असतील. फोनला रेंज नाही. वरून आलेली एक जीप मागं फिरली. अर्ध्या तासात पंधरा-वीस माणसं जमली, डोंगरात माणसं कुठून येतात देव जाणे. पावरा लोक. सगळ्यांना बोट बघायची होती. पोरं तर बोटीत चढून बसली, त्यांना उतरवताना माझा जीव वर-खाली.

त्यांच्यात एक म्हातारा होता. डोक्याला पांढरं फडकं, कमरेला लंगोट, खांद्यावर कुऱ्हाड. तो काही बोलला नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून चाकं पाहिली, वरच्या अंगाचं सागाचं झाड पाहिलं आणि रस्त्याच्या उताराकडं पाहिलं. मग एका पोराला काहीतरी सांगितलं आणि पोरगं पळालं. मी म्हटलं, धक्का मारू का सगळे मिळून? म्हातारा तोडक्या मराठीत म्हणाला, "धक्का नको. बैल खाली जातील."

मला कळलंच नाही. मोटेवर वाढलेला माणूस मी, आणि मला कळलं नाही.

दोन जोड्या आल्या, डोंगरातले बुटके बैल. माझ्याकडं एक कप्पी होती, इंजिन उतरवायची, आणि वायर रोप. वायर रोप आखूड पडला. म्हाताऱ्यानं आपला नाडा दिला, मनगटाएवढा जाड, हातानं वळलेला. गाडीच्या पुढच्या हुकातून वायर रोप, वर सागाला कप्पी, कप्पीवरून फिरून खाली, तिथं वायर रोपला नाड्याची गाठ, आणि नाड्याला बैल. बैलांची तोंडं उताराकडं. बोटीत पुढच्या बाजूला म्हाताऱ्यानं आठ माणसं बसवली, तोंड जड व्हावं म्हणून. ज्या पोरांना मी खाली उतरवलं होतं तीही त्यात, आणि आता ती माझ्याकडं बघून दात काढत होती.

मी पहिला गिअर टाकला. म्हातारा बैलांच्या पुढं उभा होता, तोंड माझ्याकडं. त्यानं हात वर केला, मी क्लच सोडला, त्यानं हात खाली आणला. बैल उतरले. दोर ताठ झाला तेव्हा सागातून 'कर्र' आवाज आला, आणि गाडीचं तोंड कुणी मानेला धरून वळवावं तसं आत वळलं. एक हात. अजून एक हात. क्लीनर मागनं दगड सरकवत होता. पाचव्या-सहाव्या वेळी मागची चाकं कोरड्या डांबरावर आली आणि गाडीनं आपलं आपण ओढलं.

तिथनं भुषापर्यंत अजून एक दिवस गेला, पण तो सांगण्यासारखा नाही. बोट पाण्यात उतरवली त्या दिवशी ठेकेदारानं नारळ फोडला, हार घातले गेले, फोटो झाला. फोटोत मी आहे, मागच्या रांगेत, अर्धा. दोन दिवस उशीर झाला म्हणून त्यानं माझ्या भाड्यातून पैसे कापले. यावर सून म्हणते, आबा, हे तुम्ही दर वेळी त्याच आवाजात सांगता.

परत इंग्रजाकडे येतो. २८ सप्टेंबरला दोन्ही बोटी डोंगराच्या पलीकडं सांकिसियाला पोहोचल्या. तिथून लहान रेल्वे, मग लुआलाबा नदी. नदीला पाणी कमी, बोटी वाळूत टेकायच्या, तर खाली रिकामी पिंपं बांधून त्यांना वर उचललं. मग पुन्हा रेल्वे, आणि ऑक्टोबरच्या शेवटी तळं. बोटी ठेवायला बंदर नव्हतं, ते बांधण्यात दोन महिने.

लढाईचं मी थोडक्यात सांगतो, कारण ती खरंच थोडक्यात झाली. २६ डिसेंबरला रविवारची प्रार्थना चालू असताना 'किंगानी' दिसली. साहेबांनी प्रार्थना पूर्ण केली आणि मगच निघाले. 'किंगानी'ची तोफ फक्त पुढं मारणारी, या दोघी मागनं गेल्या. अकरा मिनिटं. तिचा कप्तान मेला आणि आगबोट यांच्या हाती आली. तिचं नाव ठेवलं 'फिफी'. ९ फेब्रुवारी १९१६ ला 'हेडविग' बुडवली. लंडनला तारा गेल्या, शाबासक्या आल्या.

या काळात साहेबांची तऱ्हा बघण्यासारखी होती. बायकोनं शिवून दिलेला खाकी घागरा घालून फिरायचे. उन्हात बरा वाटतो म्हणे. लोकांना नवल वाटतं, मला नाही वाटलं; एप्रिलमध्ये धुळे-शिरपूर पट्ट्यात लुंगी लावून ट्रक चालवलेल्या माणसाला विचारा. अंगभर गोंदण, त्यात साप वगैरे. ठरलेल्या दिवशी सगळ्यांसमोर अंघोळ, शेजारी दारूचा पेला. तळ्याकाठचे होलोहोलो लोक त्याचे मातीचे पुतळे करायला लागले.

आणि मग 'हेडविग' बुडवल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १० फेब्रुवारीला, तळ्यावर जर्मनांचं 'ग्योत्झेन' आलं.

या जहाजाचं इंग्रजांना निघताना ठाऊकच नव्हतं. सत्तर मीटरहून लांब. जर्मनीत पापेनबुर्गला बांधलं, सुटं केलं, पाच हजार खोक्यांत भरून आफ्रिकेला आणलं आणि तळ्याकाठच्या किगोमाला पुन्हा जोडलं. म्हणजे डोंगरापलीकडं जहाज नेण्याचं काम जर्मनांनी यांच्या आधीच केलं होतं, तेही आगगाडीनं आणि शिस्तीत. त्याच्यापुढं 'मिमी' आणि 'तुतू' म्हणजे खेळणी. लोक बोटींजवळ हुकमाची वाट बघत उभे. स्पायसर-सिम्सननं किनाऱ्यावरून दुर्बिणीतून पाहिलं आणि हुकूम दिला नाही.

सगळे लेखक इथं त्याला भित्रा ठरवतात. मला ठरवता येत नाही. चाळीस फुटी लाकडी बोटीत माणसं घालून त्या जहाजावर जायचं नाही, हा मोजमाप करणाऱ्या माणसाचा निर्णय असू शकतो. पण पुढं जूनमध्ये तळ्याकाठच्या बिस्मार्कबुर्गला जर्मनांच्या गढीसमोर जाऊनही तो लांबच थांबला, रात्रीत जर्मन बोटींतून निसटले, आणि नंतर कळलं की गढीवरच्या ज्या तोफा पाहून हा थांबला त्या लाकडाच्या होत्या. त्यानंतर तो खचलाच. डॉक्टरनं घरी पाठवला. पदकं मिळाली, इंग्लंडची आणि बेल्जियमचीही, पण नौदलानं पुन्हा जहाज दिलं नाही. १९२१ ला मोनॅकोत समुद्राच्या नकाशांची आंतरराष्ट्रीय कचेरी निघाली, तिचा तो पहिला सेक्रेटरी जनरल झाला आणि १९३७ पर्यंत तिथं निवांत राहिला. खोली मोजायची, नकाशे काढायचे. १९४७ ला कॅनडात वारला.

पोराला यापेक्षा 'ग्योत्झेन'चं कौतुक. जुलै १९१६ मध्ये जर्मनांनी ते स्वतःच बुडवलं, पण त्यांच्या इंजिनीअरांनी आधी इंजिनाला जाड ग्रीस फासलं. पुढं इंग्रजांनी ते वर काढलं, आणि १९२७ पासून 'लिएम्बा' नावानं त्याच तळ्यावर प्रवासी नेत ते कित्येक दशकं चाललं. "आबा, बुडवताना ग्रीस लावणारा माणूस बघा," असं पोरगा दोनदा म्हणाला. इंजिनरूममध्ये काम करतो ना.

मला मात्र दुसरंच खटकत राहिलं. कल्पना लीची. पुढं जाऊन रस्ताही त्यानंच पाहून ठेवला. मोहीम रानात असतानाच स्पायसर-सिम्सननं त्याच्यावर तक्रारी लावून त्याला काढून टाकलं. वेनराइटचं नाव पुस्तकांत आहे, पण शोधावं लागतं. पूल बांधणारे, दोर ओढणारे, पाण्याच्या मडक्यांच्या बाया यांचं नाव मला एकही सापडलं नाही. फोनवर मी पोराला हे तावातावानं सांगत होतो. घागरा घातलेला साहेब सगळ्यांना माहीत आणि मोट लावणारा कुणाला नाही, वगैरे.

पोरगा ऐकून घेऊन म्हणाला, "आबा, तुमच्या त्या म्हाताऱ्याचं नाव काय होतं?"

रेंज गेली असं मी सांगितलं.

वळण पार झाल्यावर त्या दिवशी काय झालं ते मी घरात कधी सांगत नाही, कारण गोष्ट तिथं संपते असं मीच ठरवलंय. उजेड कमी होत होता. वायर रोप सोडायला गेलो तर नाड्याची गाठ अशी आवळली होती की पहारीनंही सुटेना. कुऱ्हाडीनं तोडतो म्हटलं तर म्हाताऱ्यानं माझा हात धरला. हातानं वळलेला नाडा, कोण तोडू देईल. म्हणाला, "असू दे. येताना दे." मी बैलांच्या पेंडीला म्हणून शंभर रुपये दिले, ते त्यानं बैलवाल्या पोराला दिले. मी गाडीत बसलो.

येताना भुषाहून निघालो तर कळलं की घाटात पुन्हा दरड आली, रस्ता बंद. मोलगी-अक्कलकुवावरून उतरलो. पुढच्या खेपेला देऊ म्हटलं. पुढची खेप पुण्याची होती, केळीची.

गाठ घरी आल्यावर आठ दिवसांनी सुटली, तेल घालून. नाडा गॅरेजमध्ये खिळ्याला आहे. परवा नातवानं त्याचा झोका बांधायला मागितला, मी नाही म्हटलं. पुतण्याला विचारलंय, चांदसैलीकडं कधी जाणार आहेस. तो म्हणतो, आबा, तिकडची भाडी आपण घेतच नाही.